दर एप्रिलला गॅस

उन्हाळ्याच्या तयारीची माझी यादी मार्चअखेर तयार असायची. कूलरची खस बदलणे, माठ आणणे, गाडीत गॅस भरून घेणे. आमच्या टाउनशिपमध्ये सगळेच दर एप्रिलला एसीचा गॅस भरून घेत, जणू तो पेट्रोलसारखा जळून संपतो. कारखान्यात माझं काम टाक्यांची गळती तपासण्याचं. दाबाखाली ठेवलेल्या टाकीचा काटा जरासा उतरला तरी मी सही करत नसे. घरच्या गाडीला मात्र यादीवर एक टिक पुरायची.

सासूबाईंची थोरली बहीण इंदूरला अंथरुणाला खिळली होती. सासूबाईंचं बायपास झालेलं, त्यांना उकाडा सोसणार नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आदल्या मे महिन्यात निघालो, तर अर्ध्या वाटेत आष्ट्याजवळ एसीतून गरम हवा येऊ लागली. त्यांना घेरी आली आणि आम्ही परत फिरलो. भेट राहिली ती राहिलीच.

या मे महिन्यातही निघायच्या सकाळी गाडी नीट गार होईना. जवाहर चौकातल्या दुकानात थांबलो.

"गैस डाल देता हूँ मॅडम, इंदौर तक आराम से चलेगी," मेकॅनिक म्हणाला.

मी मान डोलावली. सासूबाईंनी मागची काच खाली केली.

"आणि येताना?"

"आई, टिकेल आठवडाभर."

"गेल्या वर्षी आष्ट्यापर्यंत टिकला होता. तुझ्या कारखान्यातून गळकी टाकी अशीच भरून पाठवतेस का गं?"

मेकॅनिकला कळावं म्हणून तेच त्या हिंदीतही बोलल्या.

"माताजी ने पकड़ लिया!" तो खो खो हसला. बाकावरची गिऱ्हाइकंही हसली. त्यांतले दोघे माझ्याच विभागातले होते. माझे कान तापले.

गाडी तिथेच ठेवली. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं, तर बाहेरच्या जोडांवर एकही बुडबुडा नाही. डॅशबोर्ड उघडल्यावर कूलिंग कॉइलवर तेलाचा डाग दिसला. गॅस तिथून झिरपत होता. कॉइल, ओल शोषणारा ड्रायर, जोडांमधल्या रबरी रिंगा, सगळं नवं घालायचं. मग व्हॅक्यूम करून काटा हलत नाही ना ते पाहायचं, आणि त्यानंतरच वजन करून गॅस. हे सगळं मला कुणी सांगायची गरजच नव्हती.

कॉइल मागवावी लागली. मी भाड्याची गाडी सुचवली.

"परक्या गाडीत मला मळमळतं. थांबू की," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही थांबलो. तेवढ्यात इंदूरहून फोन आला, मावशींना दवाखान्यात हलवलं होतं.

शेवटी गेलो तेव्हा गाडी सबंध रस्ताभर गार होती. मावशींनी डोळे उघडले, बहिणीला ओळखलं. बोलायला फार कष्ट पडत होते.

"आत्ता आलीस? दोन उन्हाळे वाट पाहिली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माझे गुडघे गं, ताई. निघवतच नव्हतं बघ."

"आळशी आहेस," मावशी म्हणाल्या.

"आहेच," सासूबाई म्हणाल्या. मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आत येऊ शकले नाही.