सुंदर टाक्यांचा झोपाळा

ते यंत्र घरात आलं त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या ह्यांचा जन्म शिलाई मशीनवर गेला. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. डोळे दमले तसं दुकान बंद केलं, आणि म्हणे, आता लोखंड शिवणार! लेकीची मुलगी नुकती बसायला लागली होती. तिच्यासाठी आजोबांच्या हातचा झोपाळा हवा, लोखंडी स्टँडसकट. "विकतचा आणा हो," म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकतील तर शपथ!

कापड कापायच्या टेबलावर ते घरगुती मिग वेल्डिंगचं यंत्र बसलं. घोडा दाबला की नळीतून तार पुढे येते, भोवती गॅस सुटतो, तार वितळते आणि जोड भरत जातो. पहिल्याच दिवशी तार पुढे यायची सोडून आतच गुंता करून बसली. मला वाटलं, बरं झालं, कटकट मिटली. पण हे खूश!

"अगं, बॉबिनखाली दोरा गोळा होतो ना, तसंच आहे हे. दाब जास्त झालाय."

तार पुढे ढकलणारा रोलर जरा सैल केला, तार सुरळीत. मग काय, मास्तर हवेत!

पुढे जोडात बारीक भोकं पडायला लागली. पंख्याच्या वाऱ्याने गॅस उडून जातो, एवढं त्यांनी शोधून काढलं. पंखा बंद, खिडक्या बंद. खोलीत धूर कोंडायचा आणि दाराखालून तो जळका वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा.

"मराल एक दिवस आतच," मी ओरडायची.

"आधी टाका तर बघ!" खोकत खोकत बाहेर येऊन म्हणायचे.

स्टँडचा पहिला जोड घालताना करंट जास्त झाला, पाइपला भोक पडलं. ते बुजवता बुजवता गुठळ्यांवर गुठळ्या चढल्या. "अहो, हे शिवलंय की चिखल थापलाय?" मी हसले. माणूस आयुष्यभर टाक्यावर जगलेला, त्यांना ते झोंबलं. त्यांनी करंटचं बटण खाली आणलं आणि बाकीचे सगळे जोड काय सुबक आले! मीसुद्धा बोट फिरवून पाहिलं. कॉलरची शिलाई असावी असे. निळा रंग दिला, आणि जावई टेम्पोतून झोपाळा घेऊन गेले. तो गुठळ्यांचा जोड भिंतीकडे ठेवा, असं ह्यांनी त्यांना दोनदा बजावलं.

चार दिवसांनी संध्याकाळी मी ती खोली झाडत होते. टेबलावर सरावाचा तुकडा होता, दोन पाइप जोडलेला, त्याच सुबक टाक्यांचा. हातातून निसटून फरशीवर पडला आणि दोन्ही पाइप वेगळे झाले. टाका अख्खाच्या अख्खा निघून आला होता. त्याच्याखाली पाइप जसाच्या तसा, जोडाआधी ग्राइंडरने घासल्याच्या रेघासुद्धा पुसल्या नव्हत्या. मीही दुकानात काजं केलेली बाई. टाका कापडात शिरलाच नाही, नुसता वर बसलाय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अहो, इकडे या!"

त्यांनी तुकडे उचलून पाहिले. चेहरा पांढराफटक.

"बटण खाली केलं मी," ते म्हणाले. "छान दिसायला लागलं म्हणून."

मी लेकीला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलेना. परत लावला.

"काय गं आई? हळू बोल, झोके देतेय, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मागून कुईं, कुईं आवाज येत होता.

"उचल तिला!"

"अगं, पण..."

"उचल म्हणते ना, मेले!"

तिकडे तिचा फोन आपटला. मग लोखंड पडल्याचा आवाज. मग काहीच नाही. ह्यांनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. मग पोर रडायला लागली, जोरात, आणि पाठोपाठ लेकीचा कापरा आवाज आला, "आई, माझ्या कडेवर आहे ती. कडेवर आहे."

स्टँड परत आला. ह्यांनी अंगणात नेऊन एकेका जोडावर हातोडा घातला. ते सुबक टाके एका घावात सुटत गेले. राहिला तो गुठळ्यांचा, भिंतीकडे लपवलेला. त्याच्यावर ते घाव घालतच राहिले, घामाघूम होईपर्यंत. तो काही सुटेना. शेवटी मीच त्यांच्या हातातून हातोडा काढून घेतला.