रंजनाची तारीख

ठकूच्या पणजीवर इंग्लंडच्या राणीच्या अमदानीत खटला चालला होता. तिने जमीनदाराला भाकरीतून विष घातलं, असा आरोप होता. तिला काळ्या पाण्यावर धाडलं, एवढंच ठकूला ठाऊक. गेल्या वर्षी कुणीतरी त्या खटल्यावर यूट्यूबवर मालिका केली आणि खर्डीजवळच्या तिच्या कातकरीवाडीत दर रविवारी मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या.

"मावशी, पणजी तुमच्यासारखीच दिसायची का? विष कुठल्या मुळीचं होतं?"

"मला नाय ठावं," ठकू म्हणायची. एकदा मात्र तिने एका बाईला सांगितलं, "माझी पोर रंजना वीटभट्टीवर भिंत पडून मेली. मालक म्हणतो, ती आमच्याकडं कामाला नव्हतीच. मंगळवारी शहापूरच्या कोर्टात तारीख हाय. चार माणसं दिसली तर मला धीर येल. याल का?"

"नक्की येऊ, मावशी!" बाईने तिचा हात हातात घेतला.

मंगळवारी पुकारा होईपर्यंत ठकू कोर्टाच्या फाटकाशीच उभी राहिली. बाई आली नाही. भट्टीवरचे साक्षीदारही फिरकले नाहीत. पुढची तारीख पडली.

रविवारी तीच बाई मैत्रिणीला घेऊन हजर. "अय्या, मंगळवारचं विसरलेच मी! मावशी, हिला पणजीची गोष्ट सांगा ना."

"माझ्या पोरीनं कुणाला विष घातलं असतं, तर आल्या असत्या तुमी," ठकू म्हणाली आणि विळा उचलून गवताला निघाली.

बाई मोबाईलचा कॅमेरा तिच्यावर धरून उभीच होती. "हे मस्त आलं गं," ती मैत्रिणीला म्हणाली.