दोन्ही खांद्यांवर तुंबड्या

वेंडला आमच्या गावची तुंबड्या लावणारी. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, उबेत माणूस मऊ झाला की ती त्याच्या पाठीवर बारीक चिरा पाडायची, त्यावर गाईचं शिंग टेकवायची आणि टोकाकडून तोंडाने हवा ओढून ते चिकटवायची. बाळंतपणं तिच्याच सौनात व्हायची. मेलेल्यांना शेवटची आंघोळही तीच घालायची. एकोणीसशे अठरा साली फिनलंडात भाऊबंदकीचं युद्ध पेटलं, तेव्हा तिने कामगारांच्या बाजूच्या लालांची प्रेतं धुतली आणि जमीनदारांच्या बाजूच्या पांढऱ्यांचीही. पाणी दोघांनाही कोमटच.

लाल हरले आणि हेल्वी तिच्या दारात आली. सूतगिरणीतली पोर. आधी लालांच्या तुकडीचा स्वयंपाक करायची, मग विजार चढवून बंदूक घेतली. अशी बाई हाती लागली तर पांढरे चौकशी करत नसत, भिंतीशी उभी करून गोळी घालत. विजार वेंडलाने चुलीत घातली. पण बंदुकीच्या दणक्यांनी उजवा खांदा काळानिळा झाला होता, आणि पांढरे आधी खांदेच उघडून बघत.

“पालथी पड. तुंबड्या लावते.”

“उजव्यावरच ना, मावशी?”

“एकाच खांद्यावर तुंबड्या कुठे बघितल्यास? दोन्हीवर. ओरडायचं नाही.”

शेवटचं शिंग चिकटतंय तोच दार उघडलं. मोठ्या शेताचा मालक हाइमो, दंडाला पांढरी पट्टी, मागे दोन बंदूकवाले. दर वसंतात वेंडलाकडूनच पाठीवर तुंबड्या लावून घेणारा माणूस.

“ही कोण?”

“चुलतबहिणीची मुलगी. छाती भरलीय.”

“शिंगं काढ.”

“घाईने काढली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे, मालक. गेल्या वर्षी आठवडाभर मान वळत नव्हती.”

मागचा एकजण फिसकन हसला.

“काढ म्हणतो ना!”

तिने काढली. दोन्ही खांद्यांवरून काळसर रक्त ओघळलं.

“धू.”

डावा खांदा तिने धुतला. गोल जांभळे वण तेवढे उरले. उजवीकडे मात्र बंदुकीचा वण शिंगांच्या कडेबाहेर गेला होता, हे तिला ठाऊक होतं. बर्चच्या पाल्याची ओली जुडी तिने त्या खांद्यावर दाबली.

“हा अजून वाहतोय. पाणी घातलं तर थांबायचा नाही.”

हाइमो वाकला. “ही का थरथरतेय?”

“दार सताड उघडं टाकून ओल्या पोरीच्या डोक्यावर उभे आहात, अन् वर विचारता? एक तर दार लावा, नाहीतर कपडे काढून आत या. या वर्षीची तुमची पाठ राहिलीच आहे.”

आता दोघेही बंदूकवाले हसले. हाइमोचे कान लाल झाले.

“शनिवारी येतो,” म्हणाला आणि दार आपटून गेला.

अंगणातला बुटांचा आवाज थांबला तरी वेंडलाला जुडीवरून हात काढता येईना. बोटं आखडली होती.

“गेले का?”

“गप. चिरा भरू देत.”

शनिवारच्या आत पोरीला बाहेर काढायला हवं होतं. वेंडलाने तिला आपला घागरा नेसवला आणि भर दुपारी, हातात दुधाची बरणी देऊन, तळ्याकाठच्या वाटेने पाठवलं. दूध घेऊन जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. पहाऱ्यावरच्या माणसाने नुसती मान हलवली. तिचे दोन्ही खांदे सारखेच ठणकत होते. बरणी या हातातून त्या हातात घेत हेल्वी गेली, पण खाली ठेवली नाही.