बेटावरची माणसं आणि आमचं कुलदैवत

अमेरिकेत ईडन प्रेरीत राहायचो तेव्हा मी मिनियापोलिसच्या एका प्रयोगशाळेसाठी प्रोग्रॅम लिहायचो. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीपुरता. पण २००६ साली एका दूरच्या बेटावरच्या लोकांच्या डीएनएची माहिती माझ्याकडे आली आणि मी तिच्यात गुंतलो. होड्यांतून आलेली मोजकी कुटुंबं, मग पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं. पूर्वज थोडे, म्हणून एकच आजार घराघरांत. शेजारच्या बेटावरच्या माणसांपासून ही माणसं किती वेगळी झाली होती! तिथे मध्ये निदान समुद्र तरी होता. आपण हेच समुद्राशिवाय करून दाखवलंय, असं सारखं मनात यायचं. बोललो मात्र कुणाशीच नाही.

शनिवारी आम्ही चार मराठी कुटुंबं एकत्र जेवायचो. एका शनिवारी एका मित्राकडे होतो. त्याचे आईवडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. मी शहाण्यासारखा बेटाची गोष्ट सांगत बसलो, आणि मित्राच्या वडिलांना ती फारच आवडली.

"म्हणजे आमच्यासारखंच की," काका म्हणाले. "आमच्यातही बाहेरचं रक्त नाही. अगदी शुद्ध."

"काका, शुद्ध वगैरे काही नसतं त्यात. पूर्वज कमी, एवढाच अर्थ."

"असेल, असेल. बरं, तुमचं कुलदैवत कोणतं?"

हा प्रश्न कशासाठी असतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या आडनावावरून त्यांना जातीचा पत्ता लागत नव्हता. माझ्या आजोबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेव्हाच कुलदैवत सोडलं होतं, तेही चारचौघांत, ताठ मानेने. आणि मी, त्यांचा नातू, पटकन म्हणालो, "माहूरची रेणुका."

काकांचा चेहरा खुलला. माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी पडली. मी ती निर्लज्जपणे खाल्ली.

माझी सात वर्षांची मुलगी समोरच बसली होती. परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, हू इज रेणुका? आपण तर बुद्धवंदना करतो ना?"

"करतो."

"मग तू तसं का सांगितलंस?"

रस्त्यावर बर्फ आहे, जरा गप्प बस, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. बर्फ फारसा नव्हताच. मी घाबरलो होतो. ही भीती तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून तर मी इतक्या लांब आलो होतो.

पुढच्या शनिवारी मित्राच्या आईने तिला वाढता वाढता सहज विचारलं, "तुमच्याकडे कुठल्या देवाची पूजा असते गं?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाली, "रेणुका."

इतक्या सफाईने खोटं बोलायला शिकण्यात माझी उमर गेली होती. तिला एक आठवडा पुरला.

"नाही, काकू," मी म्हणालो. "आम्ही बौद्ध आहोत. मागच्या वेळी मी खोटं बोललो."

काकूंचा वाढणारा हात थांबला. काका पाणी प्यायला लागले. "अरे यार, त्यात काय एवढं!" मित्र घाईघाईने म्हणाला. मी मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"सॉरी बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, इथे असंच सांगायचं असतं."