शेवटची दोन पानं मी देणार नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे... रागच होता. परभणीकडे आमच्या खेड्यात माझ्या धाकट्या बहिणीला ताप आला, तेव्हा भगताने नऊ दिवस अंगारा लावला आणि दहाव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून कुणी अंगारा पुढे केला की मी हात मागे घेतो. शिक्षण सातवी. लिहिण्यात चुका असतील त्या सांभाळून घ्या, पण खोटं म्हणू नका.

साल त्र्याण्णव की चौऱ्याण्णव. बडोद्याला लहरीपुऱ्यात, एका बोळात पहिल्या मजल्यावर काकांचं पुस्तक-बाइंडिंगचं काम होतं. काका म्हणजे नात्याचे नव्हेत, माझे मालक. पुढची खोली कामाची, मागची राहायची, मधल्या दाराला नुसता पडदा. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, काका मात्र पुस्तकं शिवायचे. मी गाव सोडून तिथे पोचलो तेव्हा त्या शहरात एक ओळखीचा माणूस नव्हता. काम मागायला यांच्या दारात गेलो, तर काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" — बस, तिथेच राहिलो. त्याला आता पाच वर्षं झाली होती. काका मला नावाने कधी हाक मारत नसत. 'परभणी'च म्हणायचे. बोलणं बडोद्याचं, मराठीत गुजराती मिसळलेलं.

सुभानपुऱ्याच्या कोकिलाबेनची भाड्याने पुस्तकं द्यायची लायब्ररी होती. तिची फाटकी कॉमिक्स आम्ही पाच-पाच एकत्र शिवून, वर जाड पुठ्ठा घालून द्यायचो. मी नीट वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. एका गठ्ठ्यात एक हिंदी अंक होता. राक्षसांनी मारलेली तीन माणसं सूड घ्यायला परत येतात — बुडवलेली एक धोबीण, हातात धोपाटणं. एक कान तुटलेला पैलवान. आणि तपकिरी बाटली घेतलेला कंपाउंडर. देवबीव नाहीत हं! शिव्या देणारी, खोटं बोलणारी माणसं. एका आजारी बाईच्या घरावर राक्षस चालून येतात आणि हे तिघं उंबऱ्यावर उभे राहतात. फैसला होईपर्यंत हलणार नाही म्हणतात... आणि पुढची पानंच नाहीत! शिवून झाल्यावर वाचताना हे लक्षात आलं. लायब्ररीतच फाटली असतील असं समजून गठ्ठा देऊन टाकला.

त्याच आठवड्यात काका टायफॉइडने पडले. डॉक्टरांचं औषध सुरू होतं. चौथ्या दिवशी दुपारी मी मोसंबीचा रस घेऊन आत गेलो.

"परभणी, या तिघांना बसायला तरी दे ने."

"कोण तिघं, काका?"

"दाराशी उभे आहेत ते. बाईचे केस बघ, गळतायत नुसते. लाकूड घेऊन आलीय. पैलवानाला एकच कान. आणि तो बाटलीवाला, दवाखान्यातला दिसतो."

पेला मी तसाच खाली ठेवला. काकांनी ते कॉमिक उघडलंही नव्हतं. "भुतांच्या चोपड्या तूच शिव," असं म्हणून असले गठ्ठे ते माझ्याकडे सरकवायचे.

काकू हळूच म्हणाल्या, "कुणाला तरी दाखवू या का रे?"

"भगताचं नाव काढू नका, काकू."

पुढच्या खोलीत येऊन दाबाची फळी उचलली, तर खाली दोन पानं. पान सुटं झालं की त्याला खळीने कागदाची पट्टी लावून वजनाखाली वाळत ठेवतात. मी ठेवली होती आणि विसरून बाकीचा अंक शिवून मोकळा झालो होतो. त्याच अंकाची शेवटची दोन पानं! म्हणजे त्यांची गोष्ट माझ्यामुळे अडकली, आणि ती वसूल करायला हे काकांच्या दारात आले... मला तरी तेव्हा असंच वाटलं.

सायकल हाणत सुभानपुरा गाठलं. कोकिलाबेन हसायला लागली. "दिलेलं परत न्यायची नवी फॅशन काय?"

"दोन पानं राहिली, बेन."

"अरे, वाचायला नेणाऱ्या माझ्या घराकांना तर कळलंपण नाही!"

गठ्ठा घरी आणून उसवला, पानं उपडी धरून, न वाचता जागेवर शिवली. दिवेलागणीला आत गेलो तर काका फणफणलेले, दात वाजतायत.

"कुठे गेले ते?"

"गेले, काका. आता नाही छळणार तुम्हाला."

"छळत कुठे होते? घेला झालास का, वेडा? त्यांची पाठ होती माझ्याकडे. तोंड दाराकडे." मग उशाकडे डोळे वळवून अगदी हळू म्हणाले, "ते गेले, आणि हा आत आला."

पुढे मी जे केलं त्याला हसायचं तर खुशाल हसा. चाकूने ताजी शिलाई कापली, दोन्ही पानं ओढून काढली आणि रिकाम्या दाराकडे बघून ओरडलो, "फैसला झालेला नाही! या परत!" मग काकांच्या उशाकडे वळलो. "आणि तू... बहीण नेलीस. हा माणूस नाही मिळणार."

काकू धावत आल्या. "अरे, कुणाशी भांडतोयस?"

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "आले." आणि कूस बदलून झोपले.

उंबऱ्याशी फरशी ओली होती. माझ्याच हातून पाणी सांडलं असेल, म्हणा.

सकाळपर्यंत घाम येऊन ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडलंच असणार, मी त्यांच्या पाया पडलो. पण न बघितलेल्या पैलवानाचा तुटका कान काकांना कसा दिसला, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

बरे झाल्यावर काकांनी गठ्ठा चाळला. अधुरं काम दुकानातून बाहेर जाऊ देणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

"पानं कुठायत?"

"आहेत माझ्याकडे."

"मग शिव."

"नाही शिवणार."

पाच वर्षांत पहिल्यांदा उलटून बोललो. वाटलं, आता गावाची गाडी धरावी लागणार. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग एकदा दाराकडे.

"कोकिलाबेनला दुसरा अंक शोधून दे," म्हणाले. "हा असू दे घरात."

ओळखीतले लोक विचारतात, शेवट काय होता? मी आजपर्यंत वाचलेला नाही. एकाने पानांचे फोटो मागितले, त्याला सरळ नाही म्हटलं. स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही, आणि मिळालं नाही तरी चालेल. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. चहा गार होतोय म्हणून केव्हाचे ओरडतायत. उठतो.