टॉवर उभा, पण फोन लागेना

मंडळी, आज दुपारी आंजी गावाजवळ जेसीबीनं तोडलेली फायबर केबल जोडत होतो. तेवढ्यात एक मावशी धावत आल्या. त्यांच्या लेकीला सकाळीच बाळंतपणाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं होतं.

"भाऊ, टावर त उभा हाये, मंग फोन काऊन नाई लागून राह्यला?"

"मावशी, तुमचा आवाज टावरपर्यंत जाते. तिथून पुढं वर्ध्याच्या एक्सचेंजले नेणारी केबलच तुटली."

त्या तिथंच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसल्या. शेवटचा जोड झाला आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन वाजला.

"नात झाली! दोघीबी बऱ्या हायेत!" मावशी रडायलाच लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

इतकी वर्षं केबल जोडतोय, पण तिच्यातून काय जातं ते आज पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही कधी अशी फोनची वाट पाहिली आहे का?