आबांची मांडी

"आबा, पायजमा जरा वर करा. पाहुण्यांना मांडी दिसू द्या."

माझे मार्गदर्शक सर हे म्हणाले तेव्हा मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. स्नायूंच्या चयापचयात पीएचडी केलेली मी. सकाळी जळगावच्या परिषदेत सर माझ्याच कामावर बोलले होते, तेव्हा मी बाहेर पाहुण्यांच्या गाड्यांची व्यवस्था बघत होते, म्हणून ते काय बोलले ते मला कळलंच नाही. दुपारी सगळ्यांना फैजपूरजवळच्या एका केळीच्या मळ्यात भरीत पार्टीला आणलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती. सर म्हणाले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हिच्याच हातची खा, गावचीच आहे ती. सगळे हसले. मीही हसले आणि बसले थापायला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

आबा माझे वडील. घर असोद्याला, काम केळी कापणीच्या टोळीत घड वाहायचं. पाहुण्यांना घड वाहणारे बघायचे होते म्हणून सरांनी अख्खी टोळी त्या दिवशी तिथं बोलावली होती.

आबांनी पायजमा वर केला. मांडीवर सुईचा जुना वण. एक बाई वाकून बघू लागल्या. कुणीतरी मोबाईल काढला. आबा समोर केळीच्या झाडांकडे बघत उभे राहिले.

ती सुई माझ्या शब्दावर लागली होती. मांडीच्या स्नायूचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, त्यात ताकदीची साखर किती साठलीय ते मोजायचं, असं आमचं काम. धुळ्याच्या प्रयोगशाळेतून सर गावात आले तेव्हा टोळीतलं कुणी तयार होईना. पाय अधू झाला तर खायचं काय, हे त्यांचं म्हणणं. मग सुई टोचणाऱ्या डॉक्टरांना मी आधी माझी मांडी दिली, टोळीसमोर. त्यानंतर आबा पुढे आले. म्हणाले, "तुझ्या भरोश्यावर देतो, बाई. काय निंघालं ते आमाले सांगजो." सर मला लेक म्हणायचे. त्यांनीही आबांचा हात हातात घेऊन निकाल सांगायचं कबूल केलं होतं.

टोळीला निकालाची गरज होती. ही माणसं पहाटे नुसत्या चहावर मळ्यात शिरतात. पोट भरलं की पाय जड होतात, असा त्यांचा समज. शिवाय ऊन चढायच्या आत ट्रक भरायचा असतो, खायला उसंत कोण देतो? टोळी ज्यांच्या मळ्यात जाते ते मालक नाना म्हणाले होते, शास्त्र सांगत असेल तर सकाळची न्याहारी मी देईन.

आणि शास्त्र सांगत होतं. घड वाहताना साखर संपून रिकाम्या झालेल्या मांड्या रात्रीतून भरत नव्हत्या, कारण भरण्याइतकं अन्नच पोटात जात नव्हतं. आम्ही त्यांना रात्री आणि पहाटे पोटभर कळण्याची भाकरी दिली, तेव्हा त्याच मांड्या भरल्या. कुणाचे पाय जड झाले नाहीत. पण परिषदेआधी निकाल कुणाला सांगायचा नाही, असं सरांनी मला बजावलं होतं.

सर पाहुण्यांना सांगत होते, "हे स्नायू जवळजवळ रिकामे असतात, तरी घड उचलतात. जन्मजात काटक शरीरं. यांना फारसं काही लागतच नाही."

भाकरीबद्दल चकार शब्द नाही. पाहुण्यांत बसलेले नाना खुशीत म्हणाले, म्हणजे चहावर भागतंय तर. सर मान डोलावून हसले. त्यांची पुढची प्रयोगशाळा नानांच्याच देणगीतून उभी राहणार होती, हे मला माहीत होतं. लेक म्हणता म्हणता त्यांनी केसानं गळा कापला. माझ्या एकटीचा नाही, अख्ख्या टोळीचा.

आबांनी पायजमा खाली सोडला. माझ्याकडे बघितलं.

"बाई, आसंच निंघालं का?"

तव्यावरची भाकरी करपत होती. करपू दिली. पिठाच्या हातानंच उठले.

"नाही, आबा. सर खोटं बोलताहेत. तुम्ही काटक नाही. तुम्ही उपाशी आहात."

मग भाकरीचं सगळं सांगितलं. पाहुण्यांना नाही, टोळीला. सर हळूच म्हणाले, "तुला मी घडवलंय, विसरू नकोस." मी म्हणाले, मला या मांड्यांनी घडवलंय. पीठ झटकलं आणि टोळीबरोबर चालत बाहेर पडले.

प्रयोगशाळेत आता माझ्या जागी दुसरं कुणी आहे. नानांच्या मळ्यात न्याहारी सुरू झालेली नाही. आबा अजून चहावरच जातात. वाटेत एक भाकरी खातात, तेवढाच फरक. सरांचा शोधनिबंध छापायला गेला. त्यातून माझं नाव मी काढून घेतलं. तो खोटा का आहे, ते मी माझ्या नावानं लिहिते आहे.

ते छापून यायच्या आधी मी टोळ्याटोळ्यांतून फिरते. मळ्याच्या बांधावर बसून प्रत्येकाला आबांच्या टोळीच्या मांड्यांत काय निघालं ते सांगते. न्याहारी मिळाल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही, हे आता टोळ्या बोलू लागल्यात. मी त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहणार, नानांसमोर आणि सरांसमोरही. आणि माझ्या बापाची मांडी यापुढे कुणाच्या पार्टीत उघडी होणार नाही.